एकाच नावाचे दोन फोन विकणाऱ्यांस

स्वस्त स्मार्टफोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या भारतातील प्रमुखांस,



पत्रास कारण की, दसरा-दिवाळी जवळ आली की "दहा-बारा हजारांत घ्यायचाय, ४जी घेऊ की ५जी?" असं विचारणारे नातेवाईक मला गाठू लागतात आणि त्यांना उत्तर देताना माझी दर वर्षी जास्तच पंचाईत होते. मी मोबाइलच्या धंद्यात नाही. पण प्रत्येक घराण्यात एक माणूस असा असतो, ज्याला मोबाइलमधलं कळतं असं बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. आमच्याकडे ते पद माझ्याकडे आलं आहे. मानधन नाही आणि राजीनामा द्यायची सोयही नाही. काका, मावश्या, सोसायटीचे वॉचमन, मुलांच्या शिकवणीच्या बाई, सगळे हाच प्रश्न घेऊन येतात. प्रश्न त्यांच्या तोंडी असला तरी तो तयार तुम्ही केला आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

तुमचं श्रेय आधी देऊन टाकतो. दहा हजारांच्या आसपास आज जो फोन मिळतो, त्याचा पडदा मोठा, बॅटरी दिवसभर पुरणारी आणि कॅमेरा लग्नकार्यात लाज न आणणारा असतो. ज्या घरात लॅपटॉप कधी येणार नाही, त्या घरात हाच फोन बँक असतो, शाळेचा फळा असतो, सातबारा काढायची खिडकी असतो आणि रात्री सिनेमाही असतो. तिथे ही खरेदी हौसेची नसते. दहा हजार म्हणजे पुष्कळ घरांत महिन्याची कमाई, आणि एकदा घेतला की फोन चार वर्षं तरी चालवायचा असतो. तोही एकाच हातात राहत नाही. मुलाकडून वडिलांकडे, वडिलांकडून आत्याकडे असा घरातल्या घरात फिरत राहतो. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेली वस्तू घेताना माणसाने नेमकं काय बघायचं, हे तुम्ही सांगत नाही. एक आकडा आणि एक अक्षर मोठ्ठं छापता आणि मोकळे होता.

माझी मुख्य तक्रार नावाची आहे.

१ ऑगस्ट २०२३ रोजी शाओमीने भारतात एकाच दिवशी दोन फोन आणले, रेडमी १२ आणि रेडमी १२ ५जी. अंगकाठी सारखी, ६.७९ इंचांचा पडदा सारखा, ५००० एमएएचची बॅटरी सारखी, चार्जिंगही सारखंच १८ वॉटचं. किमतीत फरक थोडासाच. यावरून कुणीही हेच समजेल की वरचे पैसे वेगवान नेटचे, बाकी फोन तोच. नावातून तेवढंच कळतं.

आता आत डोकावा. ४जीवाल्यात मीडियाटेकचा हेलिओ जी८८ हा प्रोसेसर आहे, १२ नॅनोमीटरवर बनलेला. ५जीवाल्यात क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ४ जेन २ आहे, ४ नॅनोमीटरवर बनलेला. म्हणजे मधल्या दोन-तीन पिढ्या गाळून थेट नातू. ४जीत स्टोरेज ईएमएमसी ५.१ जातीचं, ५जीत यूएफएस २.२ जातीचं. एवढं वाचून कुणी म्हणेल, मग ५जीच सरस. तर कॅमेऱ्याकडे बघा. ४जीवाल्याच्या पाठीवर ५० मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याशेजारी ८ मेगापिक्सेलचा अल्ट्रावाइड आहे आणि एक मॅक्रो आहे. महाग असलेल्या ५जीवाल्यात अल्ट्रावाइड गायब, त्याच्या जागी २ मेगापिक्सेलचं नावापुरतं भिंग. सत्यनारायणाच्या पूजेला खोलीतली सगळी माणसं एका फोटोत घ्यायची असतील तर पैसे कमी देणारा माणूस फायद्यात, आणि जास्त देणारा दारापर्यंत मागे सरकत बसणार.

यातला स्टोरेजचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच तुमच्या जाहिरातीत नसतो. ईएमएमसी एका वेळी एक तर वाचतं, नाही तर लिहितं. यूएफएस दोन्ही कामं एकदम करतं. नव्या फोनवर हा फरक दुकानात उभं राहून कळत नाही. दोन वर्षांनी, शुभ सकाळच्या हजारो फुलांनी व्हॉट्सअ‍ॅप भरलं, अ‍ॅप पाठीमागे अपडेट होऊ लागली आणि त्याच वेळी कुणी किराणा दुकानात पैसे द्यायला यूपीआय उघडलं, की गोल चक्र फिरत राहतं. मागे रांग उभी असते. माणूस म्हणतो, "नेट स्लो आहे." नेट बिचारं ठीक असतं, हळू चाललेलं असतं ते पोटातलं स्टोरेज. त्याच नावाचा ५जी फोन शेजाऱ्याकडे चपळ चाललेला दिसतो, म्हणून गावभर बोलबाला होतो की ५जीमुळे फोन फास्ट होतो. तो फोन विमान मोडवर टाकला तरी आपल्या ४जी भावापेक्षा चपळच राहील. टॉवरचा त्याच्याशी संबंध नाही. ही समजूत खोडून काढणं तुम्हाला सहज शक्य आहे, पण ती तुमच्या पथ्यावर पडते.

हे एकाच कंपनीचं गाऱ्हाणं नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी ए१४ आणि गॅलेक्सी ए१४ ५जी घ्या. दोघांचे प्रोसेसर वेगळे. ५जीचा पडदा ९० हर्ट्झचा, ४जीचा ६०चा. अल्ट्रावाइड कॅमेरा मात्र इथेही ४जीत आहे, ५जीत नाही. पोकोच्या एम४ प्रोने तर कमाल केली होती. २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या ४जी फोनला ६.४३ इंचांचा अ‍ॅमोलेड पडदा, आणि वरच्या इयत्तेतल्या म्हणून मिरवणाऱ्या ५जीला ६.६ इंचांचा साधा एलसीडी. पडदाही वेगळा आणि मापही वेगळं. दुकानात जाऊन "एम४ प्रोची टेम्पर्ड ग्लास द्या" म्हणणाऱ्याला घरी गेल्यावर कडेची पट्टी उघडी दिसते, कव्हर बसत नाही, आणि दुकानदाराशी वाद होतो. त्यात चूक ना गिऱ्हाइकाची, ना दुकानदाराची.

असं का करावं लागतं, हे मला कळतं. मोडेम प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे ५जी द्यायचं तर अख्खी चिप बदलावी लागते. ती महाग पडते. किंमत तर दहा-बारा हजारांच्या रेघेपुढे न्यायची नसते. मग कुठे तरी कात्री लावावी लागते, आणि ती कॅमेऱ्यावर, पडद्यावर लागते. यात लबाडी नाही, हा हिशेब आहे. पण हिशेब केलात तर तो गिऱ्हाइकासमोर मांडा की. आंब्याच्या पेटीवर देवगड छापून आत कर्नाटकचा माल भरला तर आपण बोंब मारतो. तुमचे दोन्ही फोन आपापल्या जागी अस्सल आहेत, हे कबूल. पण पेटी एकच छापल्यावर गिऱ्हाइकाने वास घेऊन ओळखायचं का?

आणखी एक बारीकसं. तुमच्या या जोड्यांत हळू नेटवाल्या फोनच्या नावात बहुतेकदा "४जी" नसतंच. एक असतो "अमुक १२" आणि दुसरा "अमुक १२ ५जी". डब्यावर जे छापलेलं नाही, ते गिऱ्हाइकाने वाचायचं, अशी ही अपेक्षा आहे.

आता ५जीकडे येतो. कारण ज्याने जास्तीचे पैसे मोजून ५जी घेतला, त्याची सुटका झाली असंही नाही.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते देशात ५जीचा आरंभ झाला. एअरटेलने पहिल्या दिवशी ज्या आठ शहरांची नावं घेतली, त्यांत आपल्याकडची मुंबई आणि नागपूर होती. जिओने चारच दिवसांनी, दसऱ्याला, मुंबईसह चार शहरांत चाचणी सुरू केली. वरून दोन्हीकडे ५जी हेच नाव. आतली मांडणी मात्र दोघांनी वेगळी निवडली. एअरटेलने आपल्या ४जीच्या गाभ्यालाच ५जीची जोड दिली; तिला एनएसए म्हणतात. जिओने गाभ्यापासून सगळं ५जीचं उभारलं, ते एसए. खरं तर हे कळण्याची गिऱ्हाइकाला काही गरज नाही. मिक्सर घेताना कुणी वीज कोळशाची की पाण्याची विचारत नाही. पण ती गरज तुम्ही निर्माण केलीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ रुपयांना रेडमी ए४ ५जी आला. सगळ्यात स्वस्त ५जींपैकी एक म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि किंमत पाहता ते रास्तही होतं. फक्त तो ५जी चालवतो तो एसए. एनएसए नाहीच. म्हणजे एअरटेलचं सिम घातलेल्या माणसाच्या हातात तो आला तेव्हा ४जी फोनच होता, नावात ५जी असलेला. हे लपवलं होतं असं मी म्हणणार नाही. तपशिलांच्या यादीत, बँडच्या आकड्यांच्या गर्दीत, एसए ही दोन अक्षरं होती. ज्याला त्यांचा अर्थ ठाऊक, त्याला कळलं. तो फोन ज्यांच्यासाठी बनवला होता, त्यांच्यातल्या किती जणांना तो ठाऊक असेल?

आपल्याकडे सिम नवसासारखं धरून ठेवत नाहीत. एका कंपनीची रेंज घराच्या मागच्या खोलीत येत नाही म्हणून लोक नंबर तोच ठेवून दुसरीकडे पोर्ट करतात. बदली झाली, लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गावी गेली, की सिम बदलतं. ती मुभा ग्राहकाला कायद्याने मिळाली. एकाच कंपनीच्या नेटवर ५जी चालवणारा फोन ती मुभा गुपचूप काढून घेतो.

बँडांची गोष्टही तशीच. "तेरा ५जी बँड" असं तुम्ही ठळक छापता. तेराच्या तेरा कुठे वापरायचे? भारतात ५जीचा बराचसा भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे, तो एन७८. जिओकडे त्याशिवाय ७०० मेगाहर्ट्झ आहे, तो एन२८. पहिला वेग देतो, पण जाड भिंतीपुढे आणि स्लॅबखाली दमतो. दुसऱ्याला वेग बेताचा, पण तो लांब जातो आणि घरात शिरतो. कुणाचं घर जुन्या दगडी वाड्यात असेल, कुणाचं चाळीत आतल्या अंगाला असेल, त्याला एन२८ आहे की नाही हे कळणं तेरा या आकड्यापेक्षा मोलाचं. आकडा मोठा छापलात, पण आपल्या कामाचे कोणते ते सांगितलंच नाहीत. आणि सुरुवातीच्या लाटेत, २०२० आणि २०२१ मध्ये, तुमच्यापैकी काहींनी जेमतेम एक एन७८ घालून "भविष्यासाठी सज्ज" म्हणून फोन विकले होते, हेही लोक विसरलेले नाहीत. भविष्य आलं तेव्हा त्यांच्याकडे एन२८ नव्हता.

वेगाविषयीही थोडं बोलायला हवं. यूट्यूबवर ७२० पिक्सेलचा व्हिडिओ अडखळल्याशिवाय बघायला सेकंदाला अडीच मेगाबिटचा वेग पुरतो, १०८० पिक्सेलला पाच. आठ-दहा हजारांच्या ५जी फोनांत, वर सांगितलेल्या रेडमी ए४ मध्येसुद्धा, पडदा असतो ७२०चा. म्हणजे शेकडो मेगाबिटचं नेट खेचून आणायचं आणि ते अडीचच्या पडद्यावर बघायचं. व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, रेल्वेचं तिकीट, बाजारभाव, शाळेच्या ग्रुपवरच्या सूचना, यातल्या कशालाही ५जी लागत नाही. ठीक चाललेलं ४जी पुरून उरतं.

पण "ठीक चाललेलं" हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे, आणि म्हणून ५जी निव्वळ थोतांड आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. विसर्जनाच्या रात्री पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर, आषाढीला पंढरपुरात, संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये ४जीच्या पाचही काड्या दिसतात आणि एक मेसेज जात नाही. टॉवर असतो, पण त्यावर माणसं इतकी असतात की कुणाच्याच वाट्याला काही येत नाही. ५जीचा पट्टा रुंद, त्यामुळे तिथे श्वास घ्यायला जागा असते. घरात वायफाय नाही, एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर दोन मुलांचे अभ्यास चालतात, अशा घरालाही ५जीचा खरा उपयोग आहे. हे तुमच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. तिथे एक तरुण गच्चीवर उभा राहून गेम खेळत असतो.

त्या उपयोगाचीही किंमत असते, आणि ती फोनच्या बिलावर छापलेली नसते. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून अमर्याद ५जी मिळतं ते रोज दोन जीबी किंवा त्याहून जास्त डेटाच्या रिचार्जवर. त्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज २९९ रुपयांचा झाला आणि दोन जीबीचा ३४९चा. दर खेपेला ५० रुपयांचा फरक. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाला तेरा रिचार्ज होतात, म्हणजे ६५० रुपये. चार वर्षांचे २,६००. काउंटरवर हजाराचा वाटणारा फरक फोनच्या आयुष्यात साडेतीन हजारांच्या घरात जातो. रिचार्जचे दर तुमच्या हातात नाहीत, मान्य. पण "फक्त हजार रुपये जास्त" हे वाक्य दुकानात तुमचाच माणूस म्हणतो.

त्या माणसाविषयी. कंपनीच्या नावाचा टीशर्ट घालून काउंटरपाशी उभा असलेला तुमचा प्रमोटर. त्याच्यावर माझा राग नाही. बारा-बारा तास उभा असतो आणि महागातला हँडसेट विकला की त्याला चार पैसे जास्त सुटतात. पण त्याला तुम्ही शिकवलंय काय? "काका, ५जीच घ्या, फ्युचर आहे." काकांचं वय बहात्तर. त्यांना फोनवर बोलायचंय, नातवाचे फोटो बघायचेत, पेन्शन जमा झाल्याचा मेसेज वाचायचाय. त्यांच्या फ्युचरचा निर्णय एका वाक्यात! त्याच काउंटरवर, "४+४, म्हणजे आठ जीबी रॅम" हेही सांगितलं जातं. त्यातली चार जीबी रॅम नसतेच, स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरलेला असतो. आणि स्टोरेज ईएमएमसी असेल तर तो तुकडा किती पळणार, हे वर आलंच आहे. याच्यावर वेगळं पत्र लिहिता येईल, इथे एवढंच.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. तुम्ही त्या कायद्याच्या अक्षराला कुठे बाध आणता असा माझा दावा नाही. तपशील कुठे ना कुठे छापलेला असतोच. माझं मागणं इतकंच की तो जिथे बघून माणूस निर्णय घेतो तिथे, आणि त्याला वाचता येईल अशा भाषेत असावा. त्यासाठी काय करता येईल, ते सुचवतो.

दोन फोनांची पोटं वेगळी असतील तर नावं वेगळी द्या. तुमच्याकडे अक्षरांचा आणि आकड्यांचा दुष्काळ नाही. एस, टी, प्रो, प्लस, लाइट, प्राइम असं सगळं तुमचं वापरून झालं आहे. नावं बदलणं जमत नसेल तर निदान डब्याच्या दर्शनी बाजूला, ५जीच्या त्या भल्यामोठ्या अक्षराखाली, चार ओळी द्या: प्रोसेसर कोणता, स्टोरेज कोणत्या जातीचं, ५जी एसए आणि एनएसए दोन्ही की एकच, आणि याच नावाच्या दुसऱ्या फोनमध्ये असलेलं काय या फोनमध्ये नाही. शेवटची ओळ तुम्हाला झोंबेल, पण तीच सगळ्यात कामाची आहे. महाराष्ट्रात विकायच्या डब्यावर त्या मराठीत छापा. मदत केंद्राचा आवाज मराठीत बोलतो, मग डब्यानेच काय घोडं मारलंय?

प्रमोटरला तीन प्रश्न शिकवा: राहता कुठे, सिम कोणतं, आणि घरात हा फोन पुढे कोण वापरणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पडताळायची सोय आता आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत कंपन्यांना २जी, ४जी, ५जी यांचे वेगवेगळे नकाशे आपापल्या संकेतस्थळांवर दाखवायला लावले आहेत. दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर फिरणाऱ्या जाहिरातीऐवजी तो नकाशा उघडा, गिऱ्हाइकाला त्याचं गाव त्यात शोधून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. कदाचित त्यामुळे एखादा माणूस ५जी सोडून ४जी घेईल. तोही तुमचाच फोन आहे.

शिवाय ४जी फोनांची हेळसांड करू नका. ५जी आल्यापासून ४जीत जुना प्रोसेसर, जुनं स्टोरेज कोंबून "ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी" असा त्यांचा दर्जा तुम्ही करून टाकला आहे. पण देशात ४जी अजून पसरतंच आहे. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झालं, देशभरात ९७ हजारांहून अधिक मनोऱ्यांनिशी. जिथे खासगी कंपन्यांचा टॉवर नाही, अशा डोंगराआडच्या गावांत पुढची कित्येक वर्षं हेच नेट असणार आहे. तिथल्या माणसाला यूएफएस स्टोरेज आणि बरा प्रोसेसर असलेला, बीएसएनएल वापरतं तो ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा पकडणारा ४जी फोन हवा आहे. असा फोन बनवणं अवघड नाही. तो "मागास" नाही, त्या गावासाठी योग्य आहे, एवढं फक्त तुमच्या विक्री विभागाला कुणी तरी पटवून द्यायला हवं.

तुम्ही हे सगळं करेपर्यंत मला लोकांना काही तरी सांगावं लागतंच, तर काय सांगतो तेही तुमच्या माहितीसाठी लिहितो. दोन भावांत फरक दीड हजाराच्या आत असेल आणि फोन चार वर्षं वापरायचा असेल तर ५जी घ्या म्हणतो, पण नेटसाठी नव्हे, चांगल्या प्रोसेसरसाठी आणि यूएफएससाठी. रिचार्ज मात्र दीड जीबीचाच ठेवा. अमर्याद ५जी खरोखर लागेल तेव्हा वाढवता येतो. फक्त एसए चालवणारा फोन जिओचं सिम असणाऱ्यानेच घ्यावा, आणि तेही पुढे पोर्ट करायचा विचार नसेल तर. फरक तीन हजारांच्या वर गेला, किंवा ४जीत अ‍ॅमोलेड पडदा आणि अल्ट्रावाइड मिळत असून घरात ५जीची रेंजच नसेल, तर बिनधास्त ४जी. आणि वयस्कर माणसाला आधी आवाज मोठा आहे का आणि उन्हात पडदा दिसतो का ते बघायला सांगतो. हा सल्ला दर वर्षी बदलतो, कारण तुम्ही दर वर्षी पोटातलं काही तरी बदलता आणि नावात मात्र फक्त आकडा एकाने पुढे सरकवता.

या पत्राचं उत्तर मला पाठवण्याची तसदी घेऊ नये. पुढच्या खेपेच्या डब्यावर त्या चार ओळी दिसल्या तर पोच मिळाली असं समजेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एका मोठ्या कुटुंबाचा बिनपगारी मोबाइल सल्लागार

ता. क. : चार ओळींसाठी डब्यावर जागा नाही असं तुमचे लोक म्हणतील. तिथे "तेरा ५जी बँड" लिहिलेलं आहे, ते खोडलं तर जागा होते.